कोरा रकाना

"नऊ हजार शंभर वर्षं!" साहेबांनी अहवालाचा कागद डोक्यावर धरून हलवला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. गुहेत जिचा सांगाडा सापडला ती आमची बाई या सबंध भागातला सर्वांत जुना माणूस ठरली होती. आजवर आठ हजारांच्या पलीकडे कुणी गेलं नव्हतं. "आणि बाई, या वेळी लेखावर तुमचंही नाव टाकणार," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले.

"कुठला तुकडा पाठवला होता, साहेब?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"मांडीचा. तुम्हीच नाही का कापून दिलात?"

तो तुकडा कधी कापला ते मला आठवलं.

एकतीस वर्षं मी या संग्रहालयात मोडकी हाडं जोडते. मागून सगळे मला डिंकबाई म्हणतात, काहीजण तोंडावरही म्हणतात. आमच्या कामात एक साधा नियम आहे. वय काढायचा तुकडा आधी कापून ठेवायचा, मग उरलेल्या हाडाला गोंद लावायचा. हा गोंद खनिज तेलापासून बनतो. हाडात मुरला की हाडाबरोबर त्याचंही वय मोजलं जातं, आणि तेल इतकं पुरातन की हाड उगाचच म्हातारं ठरतं. नव्या आलेल्या मुलींना हे मी दरवर्षी घोकून घेते.

आणि मीच काय केलं? गुहेच्या छतातून पाणी गळत होतं, मांडीचं हाड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं बोटांत सुटायला लागलं, आणि मी आधी गोंदाची बाटली उघडली. तुकडा कापला तो संध्याकाळी, गोंद पोचला नसेल असं वाटलं त्या टोकाकडून. हाडाच्या नोंदकार्डावरचा 'काय लावलं' हा रकाना कोरा राहिला. उद्या लिहू म्हटलं आणि ते राहूनच गेलं.

साहेबांच्या खोलीचं दार लावून मी सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत घातलं.

"प्रयोगशाळेत तुकडा धुऊन घेतात हो."

"गोंद आहे हे ठाऊक असेल तर त्याला लागतं त्या रसायनात धुतील. आपल्या कार्डाची प्रत कोरीच गेलीय."

"मग राहू द्या की कोरं! परवा पत्रकार येतायत, बाई."

"म्हणूनच आज सांगतेय."

"चौकशी लागेल. दोन वर्षं राहिलीत तुमच्या निवृत्तीला. आणि लेखावरचं नाव? ते विसरायचं मग."

ते नाव मला हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं. पण मला रागही आला होता, आधी स्वतःचा आणि मग त्यांचा.

"लागू द्या चौकशी," मी म्हटलं. "जिवंत बाईने आपलं वय लपवलं तर तो तिचा प्रश्न. मेलेल्या बाईचं वय मनाला येईल तेवढं वाढवायला आपण कोण?"

त्यांच्यासमोरच मी कार्ड ओढलं, रकाना भरला आणि खाली सही केली. तारीख घातली ती त्याच दिवशीची, मागची नाही. जबड्यात एक दाढ होती, मातीसकट तशीच ठेवलेली, गोंदाचा थेंबही न लागलेली. ती पाठवा, मी म्हटलं.

दाढेचं उत्तर यायला सात आठवडे लागले. तेवढ्यात माझी बदली खालच्या भांडारात झाली, पेट्यांवरची धूळ झटकायला. जेवणाच्या सुट्टीत मुली डबे घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागल्या. त्यांच्या बढत्या, परदेशी परिषदा, सगळं त्या नऊ हजारांवर उभं होतं आणि ते मी काढून घेतलं होतं. मला वाईट वाटायचं. पण सांगितलं याचं नाही.

दाढ सहा हजार चारशे वर्षांची निघाली.

लेखाचा कच्चा मसुदा टायपिस्टने मला गुपचूप आणून दाखवला. लेखकांच्या यादीत मी नव्हते, ते अपेक्षितच होतं. पण शेवटी बारीक टाइपात एक टीप होती, 'एका कर्मचाऱ्याच्या अनवधानामुळे आधीचे वय चुकीचे आले.' तो कागद घेऊन मी तडक वर गेले.

"साहेब, यात माझं नाव नाही."

"वरच्यांनी काढायला लावलं हो, मी तरी काय..."

"तिथे नको. इथे, या टिपेत."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, नाव गाळून मी तुम्हाला वाचवलंय!"

"वाचवलं कसलं, पुसून टाकलंय. मी जोडलेल्या कवट्यांचे फोटो तुमच्या किती लेखांत आहेत? सगळीकडे मी 'एक कर्मचारी'. निदान चूक तरी माझ्या नावावर राहू दे. आणि पुढे हेही लिहा, की ती तिनेच दाखवून दिली."

"असं कुणी छापत नाही, बाई."

"मग तुम्ही पहिले छापा. नाहीतर मी स्वतः नियतकालिकाच्या संपादकांना पत्र टाकते. पत्ता मलपृष्ठावर असतो."

साहेबांनी मसुदा माझ्या हातातून घेऊन खणात ठेवला. मी जिना उतरून भांडारात परत आले आणि पेट्यांवरची धूळ झटकायला लागले.

चार महिन्यांनी अंक आला. मी भांडी घासत होते. यजमान खुर्चीत बसून ओळीखाली बोट फिरवत वाचत होते.

"अगं, यात तर तू चूक केलीस असं लिहिलंय."

"पुढे वाचा."

"...'आणि ती त्यांनीच निदर्शनास आणून दिली.'" ते थांबले. "तुझं पूर्ण नाव घातलंय, आडनावासकट."

"नावापासून परत वाचा. जरा मोठ्याने."

जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते ते, आवाज अजून खणखणीत आहे. त्यांनी वाचलं. शेजारच्या घरापर्यंत गेलं असेल. जाऊ दे गेलं तर.