रंगाऱ्याच्या हंड्यातला थंड चहा

माझ्या पोटावरचे पोचे बघून हसू नका, मित्रांनो. मी एक जुना तांब्याचा हंडा आहे, रुंद तोंडाचा, दोन कड्यांचा. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात माझ्या तोडीचा दुसरा हंडा नाही. आपली पाठ आपणच थोपटू नये म्हणतात, पण माझी थोपटली तर नाद फार गोड येतो, त्याला मी काय करू?

मला तांबटानं घडवलं आणि आताचे मालक गुंडुराव, त्यांच्या वडिलांनी डोक्यावरून घरी आणलं. तेव्हा आमचं घर रंगाऱ्यांचं होतं. लुगडी रंगवायची, जाजमं छापायची आणि प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात घराच्या नावाचा शिक्का मारायचा. माझं काम परीक्षकाचं. माझ्यात गरम पाणी आणि रिठा घालून नमुन्याचं कापड बुडवत, मग ते पांढऱ्या पंच्यावर घासत. पंच्याला डाग लागला की सगळा माल पुन्हा रंगायला. डाग नाही लागला की घरातलं वडील माणूस म्हणे, "आयतु." म्हणजे झालं, जाऊ द्या माल. तो शब्द ऐकल्याशिवाय आमच्या उंबऱ्याबाहेर चिंधीसुद्धा जात नसे.

पुढे गिरणीचं कापड स्वस्त झालं आणि रंगकाम थांबलं. मला माळ्यावर टाकलं. आधी माझ्यात फाटक्या पिशव्या ठेवल्या, मग कांदे. ज्याच्या पोटात नीळ आणि कुसुंबी खेळली, त्यात कांदे! मला फार वाईट वाटलं, पण हंड्याला विचारतो कोण?

मला खाली उतरवलं ते नव्यामुळे. नव्या ही गुंडुरावांची नात. तिनं परदेशातून बाटलीबंद थंड चहा मागवला होता, लिचीच्या स्वादाचा, झाकण उघडून थेट प्यायचा. पेढी मात्र आजोबांच्याच नावाची ठेवली. पहिला माल चेन्नईच्या बंदरात उतरला. परदेशी खाण्यापिण्याची वस्तू आपल्याकडे अशी उचलली आणि विकली असं होत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी तिचा नमुना तपासतात, बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचतात. चहा उत्तम ठरला. बाटलीवर फक्त माल आणणाऱ्याचं नाव-पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका लावायचा राहिला होता. तेवढं स्टिकरवर छापून बंदराच्या गोदामातच चिकटवायची मुभा असते. ते नीट झालं तर माल सुटणार, नाहीतर आल्या वाटेनं परत जाणार. नव्याचा जीव टांगणीला लागला होता.

ती स्टिकर छापून घेऊन आली. गुंडुरावांनी एक हातात घेतला, त्यावरचं आपलं नाव वाचलं आणि म्हणाले, "माझा हंडा काढ."

"अज्जा, हा कागद आहे हो. लुगडं नव्हे."

"नाव माझं आहे ना? मग सुम्ने, गुमान हंडा काढ."

नव्याची आजी गंगाबाई माझ्यातले कांदे उपसू लागल्या. "अय्यो देवा, कापड संपलं, आता हे चहा धुणार!"

गरम पाणी आलं, रिठा आला. नव्यानं नमुन्याच्या बाटलीवर स्टिकर लावला, बाटली बुडाली आणि स्टिकर आरामात तरंगत वर आला.

"मुगीतु, संपलं," गुंडुराव म्हणाले. "हा माल माझ्या नावानं जायचा नाही."

नव्या भडकली. "थंड चहा गरम पाण्यात कोण ठेवतंय? दुकानात बर्फात असतो तो, बर्फात!" तिनं मला उपडं केलं आणि कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून बर्फ आणून भरला, त्यात नवा स्टिकर लावून बाटली रोवली. मी जन्मात बर्फ पाहिला नव्हता. बाहेरून सगळं अंग दहिवरानं भिजलं माझं.

दुपारी तिनं बाटली काढली. स्टिकर जागच्या जागी! तिनं ऐटीत त्यावर अंगठा फिरवला आणि अंगठा काळा झाला. नावातला 'राव' पुसून गेला होता.

"आता नुसते गुंडु राहिलात," गंगाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

हसू कुणालाच आलं नाही. नाव पुसलेली बाटली दुकानात सापडली तर दुकानदार अडचणीत येतो, आणि मग तो पुन्हा दारात उभं करत नाही.

नव्यानं दुसरे स्टिकर आणले, प्लास्टिकचे, पाण्यात न विरघळणाऱ्या शाईचे. गुंडुरावांनी पुन्हा चुलीवर पाणी ठेवलं. गरम पाण्यात हाही स्टिकर सुटला. म्हाताऱ्यानं मान हलवली.

या वेळी नव्या भांडली नाही. माझ्याशेजारी जमिनीवर बसली. "अज्जा, कापड रोज धुवायचं असतं, म्हणून तुम्ही गरम पाणी घेत होता. बाटलीच्या नशिबात बर्फ आहे. परीक्षा तुमचीच राहू दे, पाणी तेवढं तिचं घ्या."

गुंडुरावांनी माझ्या कड्यांना हात घातला. वडिलांची रीत मोडायची म्हणजे सोपं नसतं. मग त्यांनी स्वतः गरम पाणी ओतून दिलं आणि नवा स्टिकर लावलेल्या बाटलीभोवती ओंजळीओंजळीनं बर्फ भरला. बोटं गारठली तरी थांबले नाहीत. उन्हं कलल्यावर बाटली काढली, खांद्यावरचा पंचा घेतला आणि नाव खसाखसा घासलं. उलटून पुन्हा घासलं.

पंचा पांढराशुभ्र होता.

नव्या 'आयतु' ऐकायला थांबली होती. गुंडुरावांनी पंचा खांद्यावर टाकला. मग त्यांनी बाटली तिच्या हातात दिली. "माल तुझा. तू म्हण."

तिचे डोळे भरून आले. "आयतु," ती म्हणाली. मित्रांनो, इतक्या लहान वयात तो शब्द आमच्या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. मी तिथेच होतो, मी ऐकला.

माल सुटला. आता मी इथल्याच विजयनगर भागात, नव्याचा चहा विकणाऱ्या एका दुकानाच्या दारात बसतो, चिंचेनं घासलेला, लखलखीत, पोटभर बर्फ घेऊन. परवा पुण्याहून इथे राहायला आलेल्या ईश्वरी नावाच्या बाईंनी माझ्यातून बाटली उचलली, ओढणीनं पुसली आणि वाचली. "अरे, परदेशी चहावर गुंडुराव? मंडी मोहल्ला? आपलीच माणसं की!"

तर एवढंच मागणं आहे. घरातली जुनी भांडी कांद्यांसाठी ठेवू नका, त्यांना काम द्या. आणि बाटली घेताना ती कुणी आणली, कुठून आणली, ते उलटून वाचत जा. आमची बाटली तर खुशाल घासून बघा, पांढऱ्या कापडानं. डाग लागला तर मला येऊन सांगा. पण लागायचा नाही.