उरलेला गुरुवार

अर्धांगाचा झटका आला आणि फ्रेमवाल्यांच्या तोंडात एकच शब्द उरला, गुरुवार. भूक लागली, गुरुवार. पाय दुखला, गुरुवार. एरवी गिऱ्हाइकाचं बोलून बोलून डोकं खाणारा माणूस, आणि आता ही गत. डॉक्टर म्हणाले, "त्यात अर्थ शोधत बसू नका."

डॉक्टरांचं काय जातंय बोलायला! गुरुवार हा दुकानाच्या सुट्टीचा वार. बाकीचे दिवस हा गृहस्थ खाली दुकानात फोटोंच्या काचा कापत, फ्रेमच्या पट्ट्या ठोकत बसायचा. बायकोच्या वाट्याला यायचा तो गुरुवारीच. तिने अर्थ शोधला नाही, शिकूनच घेतला. लांबवलेला गुरुवार म्हणजे पाणी. तुटक म्हणजे कूस बदल. हळू म्हटलेला म्हणजे जवळ बस. कुणी भेटायला आलं की ती मध्ये बसून सगळं समजावून सांगायची, आणि तिला त्याचा थोडा तोराही होता.

पण त्यांना उचलता उचलता तिची कंबर कामातून गेली. एकदा न्हाणीघरात दोघंही पडले आणि शेजारी धावून येईपर्यंत तसेच पडून राहिले. ते कळल्यावर मुलगा आला, तो ठरवूनच. दुकान आणि वरचं घर विकायचं, दोघांनी त्याच्याकडे राहायचं. तो वडिलांच्या खुर्चीपुढे बसला.

"बाबा, विकू ना? तुमच्या मनाविरुद्ध नाही करायचं मला."

त्यांनी चांगला हात मुलाच्या हातावर ठेवला. "गुरुवार," ते शांतपणे म्हणाले.

"आई, काय म्हणतायत?"

तिला लख्ख कळलं होतं. नाही म्हणत होते. मरेन तर इथेच, म्हणत होते. तिची कंबर ठणकत होती.

"हो म्हणतायत," ती म्हणाली.

मुलाचा जीव भांड्यात पडला. तो फोन करायला बाहेर गेला. फ्रेमवाले बायकोकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर तिला सोसलं असतं.

तेव्हा त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. मुलाच्या घरी त्यांना उचलायला माणूस आहे, कशाला काही कमी नाही. इथले डॉक्टर म्हणतात, आजार वाढला असेल. ती मान डोलावते. सगळे कामाला गेले की ती खुर्ची त्यांच्याजवळ ओढते.

"पाणी देऊ? कूस बदलू?"

ते भिंतीकडे बघतात.

"अहो, मला होत नव्हतं हो. शिव्या द्या मला. दुसऱ्या कुणाला नाही कळणार, मला कळेल. म्हणा ना एकदा."