परतीचं तोंड

माझ्या भावाला साधी गोष्ट साधेपणाने करता येत नाही. उकडलं की लोक खिडकी उघडतात, फार तर भिंतीवर एक एसी टांगतात. दादाने अख्ख्या घराच्या छताचं पोट फाडायचं ठरवलं. मशीन एकच, तेही छतात लपवलेलं. तिथून पत्र्याचे डक्ट खोलीखोलीत न्यायचे, खाली दुसरं छत ठोकायचं आणि दिसायला फक्त एक नाजूक जाळी ठेवायची. ‘‘हवा येते, पण कुठून येते ते कळत नाही,’’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. हवेचा शोधही आपणच लावल्यासारखा चेहरा असायचा तेव्हा.

खरं कारण वेगळंच होतं. त्याच्या ऑफिसात नवे मोठे साहेब आले होते, त्यांच्या घरी अशी हवा होती, आणि साहेबांना जेवायला बोलवायचं दादाच्या मनात होतं. साहेबांना भिंतीवरच्या एसीखाली बसवायचं म्हणजे याचं नाक कापलं जाणार होतं.

मला बोलावणं आलं ते वहिनीकडून. ‘‘ताई, काम चालू आहे तोवर येऊन राहा ना. धूळ फार उडते, आईंकडे बघायला कुणीतरी हवं.’’ हे ‘कुणीतरी’ म्हणजे मी. एरवी माझ्या तोंडाला घाबरून सणसमारंभालाही न बोलावणारी माणसं ही. पण धुळीत उभं राहायला मी चालत होते. कपड्यांच्या दुकानात मी काउंटरला असते. मालकाने कपाळाला आठ्या घालत रजा दिली आणि मी गेले. दादासाठी नाही, आईसाठी गेले.

आईचं हृदय थकलंय. उन्हाळा तापला की तिचा श्वास अपुरा पडतो, ओठ सुकतात, वाक्य अर्ध्यात सोडून द्यावं लागतं. तिला गारव्यात ठेवा, असं डॉक्टरांनी दादाच्या समोर सांगितलं होतं. तिची खोली थेट हॉलला लागून. दार उघडं असलं की सोफ्यावरून तिची खाट दिसते, चालायचा वॉकर दिसतो, औषधांच्या बाटल्या दिसतात. म्हणून बेल वाजली की वहिनी आधी ते दार लोटते आणि मग बाहेरचं उघडते. इतकी सवय झालेली, की पेपरवाला आला तरी आई दाराआड जायची.

डक्टवाले मिस्त्री म्हणजे एक गुळगुळीत गृहस्थ. गिऱ्हाइकाने घराच्या कौलावर समुद्र मागितला असता तरी ‘‘होऊन जाईल साहेब’’ म्हणाले असते. खिशात पेन्सिल, कमरेला टेप, आणि मानेला ‘नाही’ म्हणायची सवयच नाही. हवा बाहेर पडते त्या जाळीला ते ‘तोंड’ म्हणत.

‘‘तोंडं किती काढायची साहेब?’’ त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

दादा घरभर हिंडून बोटं दाखवत सुटला. हॉलला दोन तोंडं, कारण साहेब नेमके कुठे बसतील सांगता येत नाही. दादा-वहिनीच्या झोपायच्या खोलीला एक. मुलीच्या खोलीला एक. मुलगी शिकायला परगावी असते, वर्षातून एकदा येते. कपड्यांच्या कपाटांची एक बोळकांडी आहे, तिलासुद्धा एक, कारण वहिनीला साडी नेसताना घाम येतो.

‘‘आणि मशीन?’’

‘‘मशीन आईच्या खोलीत, वर छतात,’’ दादा म्हणाला. ‘‘थोडा आवाज झाला तरी तिला चालतो. तिला ऐकू कमी येतं.’’

आईला सगळं ऐकू येतं. ती फक्त उत्तर देत नाही.

मशीनमधून पाणी सुटतं, ते वाहून न्यायला पाइप लागतो. तो जवळच्या जवळ, आईच्या बाथरूममध्ये सोडायचं ठरलं. पाइपला ढाळ हवा, नाहीतर पाणी तुंबून छतातून गळणार, एवढं मिस्त्रींनी सांगितलं. ढाळ द्यायचा तर छत खाली घ्यावं लागणार होतं. हॉलचं छत खाली घ्यायला दादाचा जीव होईना. ‘‘हॉलची उंची गेली की सगळी शान गेली. आईच्या खोलीत घ्या हवं तेवढं खाली. ती काय, पडूनच तर असते.’’ माणूस पडून असला की छत त्याच्या नाकाला टेकवलं तरी चालतं, असा काहीतरी त्याचा हिशेब असावा.

तेव्हा मशीन आईच्या डोक्यावर, त्याची घरघर आईच्या कानाशी, पाणी आईच्या बाथरूममध्ये आणि छत आईच्या छातीवर. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आईच्या खोलीला तोंड कुठाय?’’

‘‘आईला गार सोसत नाही,’’ दादा म्हणाला.

‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘तीच म्हणाली होती.’’

‘‘कधी?’’

तो आठवू लागला. आठवून आठवून त्याला आठवलं ते असं, की लहानपणी एकदा गाडीतून जाताना आई त्याला म्हणाली होती, खिडकी लावून घे. तेव्हा दादाला ताप होता. एवढ्या भांडवलावर त्याने आईला जन्मभराचं उकाड्यात बसवलं होतं.

मी आईकडे वळले. ‘‘आई, तूच सांग याला. तुला गार हवा नको का?’’

आईने आधी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘असू दे गं. त्यांचं काम होऊ दे.’’

तिचाही मला तेव्हा रागच आला. मी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. कपाटांना वारा घालणाऱ्या माणसाला आई दिसत नाही का, म्हणाले. अजून पुष्कळ काही म्हणाले. वहिनीने खिडक्या लावून घेतल्या, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. शेवटी मिस्त्रीच मध्ये पडले. ‘‘ताई, उगाच चिडताय. आईंच्या खोलीत एक तोंड येतंच आहे. सगळ्यांत मोठं.’’

‘‘बघ!’’ दादा म्हणाला. ‘‘सगळ्यांत मोठं. तुला आपलं भांडायला निमित्त हवं.’’

मी गप्प बसले. इतकंच नाही, आत जाऊन आईला फुशारकीने सांगितलं, ‘‘मिळवलं बघ तुझ्यासाठी. हॉलपेक्षा मोठं.’’ आई हसली. खाटेवरून ती वरच्या त्या चौकोनी भोकाकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, ‘‘पायांवर येईल वारा. बरं होईल.’’

काम संपलं. मिस्त्रींनी मशीनच्या ट्रेमध्ये मगभर पाणी ओतलं, ते खळखळत आईच्या बाथरूममध्ये उतरलं आणि त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मग मशीन सुरू झालं. दादा हॉलमधल्या तोंडाखाली हात पसरून उभा, वहिनी कपाटांच्या बोळकांडीत डोळे मिटून उभी. मी आईला धरून तिच्या जाळीखाली खुर्चीवर बसवलं. आईने पदर जरा सैल केला आणि चेहरा वर केला.

काहीच आलं नाही. घरघर तेवढी आली.

मी खुर्चीवर चढून जाळीपाशी रुमाल धरला. वारा असला तर रुमाल खाली फडफडायला हवा होता. तो माझ्या हातातून सुटला आणि वर जाऊन जाळीला चिकटला.

‘‘हे काय?’’ मी मिस्त्रींना विचारलं.

‘‘हे परतीचं तोंड ताई. हे देत नाही, घेतं. घरातली हवा इथून आत ओढायची, गार करायची आणि बाकीच्या तोंडांतून सोडायची. मशीनला श्वास घ्यायला जागा नको का?’’

‘‘मग या खोलीत काय येणार?’’

मिस्त्रींनी पेन्सिल खिशातून काढली, परत खिशात ठेवली. ‘‘या खोलीत... ओढ येणार.’’

आईने सैल केलेला पदर पुन्हा नीट केला. माझ्या तोंडाला पानं पुसली याचं मला काही नाही, पण मी ती आईच्या तोंडालाही पुसली होती, तीही फुशारकी मारून. मी दादाला गाठलं. त्याचं उत्तर तयार होतं. ‘‘आता छत बंद झालंय, रंग झालाय. परवा साहेब येतायत. पुढच्या उन्हाळ्यात बघू.’’ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आईने श्वास कुठे ठेवायचा, ते तो बोलला नाही.

साहेब आणि त्यांच्या बाई आल्या त्या संध्याकाळी मला आईपाशी बसवण्यात आलं. ‘‘तिला एकटं नको वाटायला,’’ दादा म्हणाला. तिचा एकटेपणा त्याला तेवढ्या दोन-तीन तासांपुरता सलला. खरं म्हणजे माझं तोंड त्याला दाराआड हवं होतं. वहिनीने दार लोटलं आणि बाहेरून नीट लागलंय का तेही पाहिलं.

थोड्याच वेळात खोलीत विचित्र व्हायला लागलं. दाराखालच्या फटीतून शिट्टी वाजू लागली. खिडकीचा पडदा आत फुगला, आणि खिडकीच्या फटींमधून दिवसभर तापलेल्या भिंतींची झळ आत यायला लागली. मशीन ओढतच होतं, आणि बंद खोलीत त्याला मिळेल ती हवा ते ओढत होतं. आईच्या कपाळावरून घाम निथळू लागला. तिचा श्वास लहान लहान झाला. मी उठले तशी तिने माझं मनगट धरलं. ‘‘दार नको उघडूस. त्याचे साहेब आलेत.’’

‘‘खड्ड्यात गेले त्याचे साहेब.’’

‘‘थांब गं जरा,’’ ती म्हणाली. मनगट सोडलं नाही.

बाहेर वेगळीच मजा चालली होती. दाराआडून सगळं ऐकू येत होतं. तोंडांमधून वारा यायचा बंद होत चालला होता. साहेब आधी म्हणाले, ‘‘छान आहे.’’ मग म्हणाले, ‘‘जरा वाढवता का?’’ मग काहीच म्हणेनात. दादा रिमोट दाबत सुटला होता. शेवटी त्याने मिस्त्रींना फोन लावला, आणि साहेबांना आपली पोच दाखवायला तो स्पीकरवर टाकला.

‘‘साहेब,’’ मिस्त्रींचा आवाज घरभर घुमला, ‘‘परतीच्या खोलीचं दार लावलंय का? ते उघडा आधी. मशीन गुदमरतंय.’’

‘‘अहो, मग उघडा ना,’’ साहेब म्हणाले. ‘‘कुठली खोली?’’

मग वहिनीचा आवाज आला. ‘‘ती... तिथे सामान आहे. फार पसारा आहे.’’

‘‘असू दे पसारा,’’ साहेब म्हणाले. ‘‘ मशीन जळेल तुमचं.’’

मी मनगट सोडवून घेतलं आणि दार आतून सताड उघडलं. हॉलमधून थंड हवेचा झोत माझ्या अंगावरून आत गेला. साहेब जागेवरून अर्धवट उठलेले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. खाटेच्या कडेला घामाने भिजलेली आई, पाय खाली सोडून बसलेली.

‘‘या कोण?’’

‘‘आई,’’ दादा म्हणाला. ‘‘माझी आई.’’

‘‘पण तुमच्या आई तर बहिणीकडे असतात ना?’’ साहेबांच्या बोलण्यात खोच नव्हती. ते खरंच गोंधळले होते. ‘‘तुम्हीच म्हणाला होतात.’’

मला हे माहीत नव्हतं. दार लोटायचं ते लोटायचंच, पण या माणसाने आईला तोंडानेही घराबाहेर काढून ठेवलं होतं, तेही माझ्या एका खोलीच्या बिऱ्हाडात, मला न विचारता. माझ्या जिभेवर इतकं काही एकदम आलं की कुठून सुरुवात करावी कळेना. तेवढ्यात आई बोलली.

‘‘हो, हिच्याकडेच असते मी. मशीन बसवलं म्हणाले, म्हणून बघायला आले होते. उद्या निघणार.’’

मी दादाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज दिसली असती तर मी त्याला माफ केलं असतं, नाइलाजाने का होईना. पण त्याला हायसं वाटलं होतं. खांदे खाली आले, ओठांवर हसू आलं, आणि तो साहेबांना म्हणाला, ‘‘बसा ना, आता गार होईल.’’

गार झालंही. आईला मी बाहेर आणून खुर्चीवर बसवलं. साहेबांच्या बाईंशी ती गुडघ्यांबद्दल छान बोलली.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, ‘‘खोटं कशाला बोललीस त्याच्यासाठी?’’

‘‘खोटं कुठे? उद्या निघायचंच आहे,’’ आई म्हणाली. ‘‘माझ्या गोळ्या तेवढ्या आठवणीने घे.’’

दादाने अडवलं. म्हणजे ‘‘असं कसं, असं कसं’’ म्हणाला आणि टॅक्सी बोलावून दिली.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. एक पंखा, एक खिडकी, आणि दुपारी तापलेल्या छताकडे बघवत नाही. आल्यापासून आईच्या मानेवर मी ओलं फडकं ठेवत असते. त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. आवाजात मध नुसता.

‘‘ताई, मशीन आता काय सुंदर चालतंय! ते दार आम्ही उघडंच ठेवतो. आणि गंमत सांगू? घरात सगळ्यांत गार आईंचीच खोली. सगळी थंड हवा परतताना त्या खाटेवरूनच जाते ना. मी तर दुपारी तिथेच आडवी होते.’’

मी फोन आपटला आणि आईला शब्दन् शब्द सांगितलं. रागाच्या भरात सांगितलं. सांगून झाल्यावर वाटलं, नको होतं सांगायला.

आईने मानेवरचं फडकं काढलं, बादलीत बुडवलं, पिळलं. ‘‘मी बाहेर पडल्याशिवाय ते दार उघडं राहायचं नव्हतंच गं,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘तुझं उघड जरा. जिन्यातून वारा येतो का बघू.’’

मी दार उघडलं. वारा तसा बेताचाच आला. समोरची शेजारीण कुलूप लावत होती, तिने सरळ आत डोकावून पाहिलं. ‘‘कोण आलंय?’’

‘‘आलं नाही कुणी,’’ मी म्हणाले. ‘‘आई आहे माझी. इथेच राहते.’’