जखमेचा वास

राग येनार न्हाई तर काय? पाय माझा, जखम माझी, आन् पंचाईत साऱ्या गावाला!

मी विठाबाई, इनामगावची. शुगरनं डाव्या पायाला जखम झाली. शिरूरचा डॉक्टर म्हनला, एक दिसाआड नीट धुऊन पट्टी बदला, न्हाईतर पाय कापावा लागंल. घरात करनार कोन? लेक नागसेन कंपनीत, त्याला रगत बघूनच चक्कर येती. सून करुणा उजाडायला रोजानं कांदा काढायला जाती.

तवा दौंडवरनं शेवंताबाई यायला लागली. ख्रिश्चन बाई. दवाखान्यात आया हुती, आता रिटायर झाली. तिथलीच आमची वळख. बोलवलं कुनी न्हवतं. एक दिसाआड एसटीनं यायची, दारातनं "जय भीम, विठाबाई" म्हनायची आन् माझा पाय मांडीवर घ्यायची. सहा महिन्यांत देवाचं नाव तिनं काढलं न्हाई. एकदा मीच डिवचलं, "तुमचा येशू काय म्हनतो वो?" तर म्हनाली, "पाय जरा वर घ्या." जाताना करुणाच्या पाठीवर हात ठेवायची, "जखम भरतेय हं पोरी, तू चांगलं सांभाळतेस." करुणाला चांगलं म्हननारं गावात दुसरं हाय कोन? मी तर न्हाईच.

पट्टी सोडली की ती डोळं मिटून वाकायची आन् नाक जखमेपाशी न्यायची. आतनं सडतंय का, ते म्हने वासावरनं कळतं. कुन्या रिकामटेकड्यानं दारातनं तसाच तिचा फोटो काढला आन् गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिवलं, "प्रार्थना चालू हाय, घर बाटनार." वा रे शहाने! सहा महिन्यांत ह्यातला एक जन माझ्या दाराकडं फिरकला न्हाई, आन् आता माझ्या धर्माची काळजी!

नागसेननं फोटो कंपनीत बघितला. लाज वाटली आमच्या ह्या साहेबाला. दुसऱ्या दिशी स्टँडवरच बाईला आडवा गेला, "मावशी, हितनं पुढं येऊ नका." ती तशीच माघारी फिरली. मला सांगितलं काय, तर मावशीला बरं न्हाई! मी आठ दिस वाट बघितली. करुणानं भीत भीत पट्टी बदलली, पन तिला वास-बिस काय कळनार? शेवटी तिनंच रडत खरं काय ते सांगितलं.

मग मी तोंड सोडलं. "मुडद्या, ती प्रार्थना न्हवती! वास घेत हुती ती माझ्या सडक्या पायाचा! तू घेतोस का? ये, बस हितं!"

बसला. पट्टी सोडली, वाकला आन् झटक्यात मागं सरला. तोंड पांढरंफटक. "आई, लई घान वास येतोय."

तिथंच त्यानं शेवंताबाईला फोन लावला. मी कान टवकारून बसले. म्हनलं, आता ही त्याला चांगली झापनार. तर ती म्हनाली, "पू कसल्या रंगाचा आहे? आत्ताच्या आत्ता शिरूरला न्या. मी तिकडंच येते."

पाय वाचला. करंगळी गेली.

घरी आले, तर दुसऱ्या दिशी बाई दारात हजर. "जय भीम, विठाबाई." नागसेन खाली मान घालून म्हनला, "मावशी, चुकलं माझं." ती म्हनाली, "पाणी गरम करून आण." तो चुलीकडं गेला.

माझं टाळकं सरकलं. "अवो, बोट गेलं माझं! ह्यानं तुमचा भर स्टँडवर अपमान केला. दोन शिव्या तरी घाला की!"

तिनं पट्टी सोडता सोडता हात थांबवला. डोळं भरलं हुतं. "चूक माझीही आहे, विठाबाई. तो नको म्हणाला आणि मी मुकाट्यानं परत गेले. मी तिथंच बसून राहायला पाहिजे होतं. तुमचं बोट वाचलं असतं."

आता ह्या बाईला काय म्हनावं? ज्यांनी आग लावली ते टपरीवर दात काढत चहा पितात, आन् गुन्हा कबूल करतीय ही!

नागसेन पातेलं घिऊन दारातच हुबा हुता. सगळं ऐकलं त्यानं. बाप गेला तवा न्हाई रडला, तो घोडा हुंदके द्यायला लागला.

मी म्हनलं, "रडतोस काय नुसता? बस खाली, पानी गार व्हतंय."