सुजलेलं तारुण्य

खुर्चीवरची बाई उठून आरशासमोर बसली आणि हॉलमधल्या पन्नास बायकांच्या तोंडून एकदम "अगंबाई" निघालं. दहा मिनिटांपूर्वी तिच्या डोळ्यांखाली सुरकुत्यांचं जाळं होतं. आता गाल लाल, टरटरून फुगलेले, गुळगुळीत.

"तुमचं कोलॅजन, कातडी घट्ट धरून ठेवणारं ते, मेलेलं नाही, बायांनो," तारुण्याचं शिबिर भरवणाऱ्या मॅडम हातातला बारीक सुयांचा रूळ उंच धरून म्हणाल्या. "रुसून बसलंय. मी फक्त हाक मारते. रक्ताचा थेंब दिसला की समजायचं, त्यानं ओ दिली."

पहिल्या रांगेत ताई बसली होती. बावीस वर्षं हॉटेलच्या स्वागतकक्षात उभी राहून हसलेली. "पुढे जरा ताजे चेहरे हवेत," असं मॅनेजर म्हणाला होता. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. सोमवारपासून ताईची रवानगी तळघरातल्या चादरींच्या कोठीत होणार होती.

शेजारी धाकटी बहीण होती. तिचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता.

"ताई, ऊठ. घरी चल."

"तू गप गं. तुला कोण बघतंय? तू कॅमेऱ्यामागे असतेस."

धाकटीला ते झोंबलं आणि ती गप्प बसली. पण डोळे कसे गप्प बसतील? आधीची खुर्ची छतावरच्या उघड्या बल्बखाली होती. नंतरची, आरशापुढची, खिडकीसमोर, पांढऱ्या पडद्यातून येणाऱ्या मऊ उजेडात. हा खेळ ती स्टुडिओत रोज करायची. तिला कुणी कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

तोवर ताई बल्बखाली जाऊन बसली होती. मॅडमनी तोच रूळ फडक्याला पुसला आणि तिच्या गालावर फिरवला. वर झोंबणारा लेप. ताई आरशात बघून रडली, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी सूज उतरली, सुरकुत्या जागच्या जागी. चौथ्या दिवशी गालावर पू. रविवारी मॅडमचं पुढचं शिबिर भरलं, तेव्हा धाकटीनं तिला हाताला धरून परत त्याच हॉलमध्ये आणलं.

गर्दीतल्या एका म्हातारीला धाकटीनं बल्बखाली बसवलं, मग खिडकीसमोर. सुई नाही, लेप नाही. अर्ध्या सुरकुत्या गायब.

"वरून उजेड आला की सुरकुतीखाली सावली पडते, समोरून आला की पुसली जाते. अर्धा चमत्कार हा," धाकटी म्हणाली. "उरलेला अर्धा म्हणजे सूज. सुया टोचल्या की कातडी फुगते, घड्या भरतात. कोलॅजन खरंच वाढायचं तर महिने जातात, दहा मिनिटं नाही. आणि एकच रूळ सगळ्यांच्या रक्तातून फिरला की काय होतं, ते बघा."

ताईनं तोंडावरची ओढणी काढली.

मॅडम मागच्या दारानं केव्हाच पसार झाल्या होत्या. मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "पण सूज टिकते किती वेळ? लग्नापुरती तरी?"

सोमवारी मॅनेजरनं ताईला कोठीतही घेतलं नाही. म्हणाला, चादरींना लागण होईल. गालावरच्या जखमा पुढे भरल्या, पण खड्डे राहिले. त्या दिवशी आपण का गप्प बसलो, हे धाकटी नोकरीच्या अर्जांसाठी ताईचा फोटो काढताना दर वेळी स्वतःला विचारते. समोरून मऊ उजेड टाकूनही ते खड्डे पुसले जात नाहीत.

बायांनो, दहा मिनिटांत तारुण्य दिसलं तर आधी उजेड कुठून येतोय ते बघा. सुई याआधी कुणाला टोचली ते विचारा. आणि वय झालं म्हणून तळघर दाखवणाऱ्याला त्याचं वय विचारा, तोंडावर.