झोक्याची कडी

सर्रर्र… खट्.

टेपची पोलादी पट्टी एका दमात डबीत परत गेली आणि दुपारच्या गप्प घरात तो आवाज भलताच मोठा झाला. दीपमालाचा हात माऊसवर तसाच थांबला. पिवळी डबी, कडा घासून पांढऱ्या पडलेली, तिच्या कॉलेजपासूनची – झोपलेल्या लेकीच्या, रूपाच्या मुठीतून ती सुटली नव्हती. झोपेत अंगठा तेवढा खटक्यावरून सरकला होता. रूपाने कूस बदलली, ओठ हलवले, काहीतरी पुटपुटली, आणि… नाही, उठली नाही. म्हणजे अजून थोडा वेळ आहे. हा थोडा वेळ किती, ते कधीच कळत नाही. कळत नाही म्हणूनच तो वापरतानाही सारखं मागे वळून बघावं लागतं, दूध गॅसवर ठेवून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं.

पडद्यावर घर होतं. वरून पाहिलेलं, छप्पर काढलेलं घर; भिंती म्हणजे नुसत्या दुहेरी रेघा, दारं म्हणजे पाव वर्तुळं आणि मधोमध चौक – नऊ बाय नऊ, वर एक तुळई आडवी, बाकी आभाळ. धरणगावला आईच्या जागेवर हे घर उभं राहायचं होतं. उभं राहायचं म्हणजे बांधायचं नव्हतं. नाशिककडच्या एका कारखान्यात भिंती तयार होणार, छत तयार होणार, ट्रकवर चढून येणार, आणि क्रेनने उचलून एकमेकांना बोल्टांनी आवळणार. आईला, द्रौपदाबाईंना, हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून किती हसल्या होत्या. "घर पार्सलमा येई का व? आन पसन नही पडनं त परत धाडता येई का?"

परत धाडता येणार नव्हतं, हीच तर गोष्ट होती. आज पाचपर्यंत शेवटचं ड्रॉइंग पाठवायचं. उद्या सकाळी तिकडे पॅनेल कापायला घेणार, आणि एकदा कापली की खिडकी वीतभरही सरकत नाही. विटांच्या घराचं बरं असतं – गवंड्याला म्हणावं, भाऊ, जरा इकडे घ्या. तो कुरकुरतो आणि घेतो. इथे सगळं आधीच ठरलेलं हवं. कोण कुठे झोपणार, कोण कुठून येणार… कोण येणार.

सकाळी भावाचा, अमृतचा मेसेज आला होता. "अक्का, ती चौकातली कडी काढून टाक. कोणाच्या डोक्याला लागेल. आणि लहान खोलीला स्टोअर लिही ना. पाहुणे वर्षातून एकदा येतात, धान्याच्या कोठ्या रोजच्या." त्याखाली हसरा चेहरा. तो काही वाईट बोलला नव्हता. अमृत वाईट बोलतच नाही. लहानपणी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, निंबाला झोका बांधला की तिला मागून ढकलणारा तोच. ती ओरडायची, पुरे रे, आणि तो आणखी जोरात… मागच्या वर्षी तिने जागेवरचा हक्क त्याच्या नावे सोडून दिला, तेव्हा नोंदणी ऑफिसातून बाहेर पडल्यावर दोघांनी उभ्याने उसाचा रस घेतला होता. मला काय करायचीय रे जागा, असं ती म्हणाली होती, आणि अगदी मनापासून म्हणाली होती. अजूनही मनापासूनच आहे. मग एका कडीसाठी हे काय चाललंय माझं? लोखंडाची गोल कडी. चौकावरून जाणाऱ्या तुळईला खालून चिकटवलेली. ड्रॉइंगमध्ये तर ती एक टिंब आहे.

पण ते टिंब कारखान्यातच जोडून यायला हवं. नंतर त्या तुळईला भोक पाडायचं नाही.

फोन थरथरला. तिने तो उशीखालून काढून बाल्कनीत नेला. कारखान्यातला इंजिनिअर होता, आवाजावरून पंचविशीतला.

"मॅडम, ती कडी. झोपाळ्यासाठीच ना? दोन जण बसतील असा लोड धरलाय."

"हो, दोनच. पण बसणार नाहीत," ती म्हणाली, आणि म्हणताना तिलाच ते ऐकू आलं.

"म्हणजे?"

"उभ्या राहतात. समोरासमोर. आणि… जोर देतात."

"मॅडम, झोपाळ्यावर उभं?" तो हसला. "मग ते पुढेमागे किती जाणार, ते सांगा ना. लोड त्याच्यावर आहे."

किती जाणार. मोजून कळवते म्हणत तिने फोन ठेवला आणि परत येऊन घर उभं कापलं – पडद्यावर – चौकातून आरपार, म्हणजे भिंतींची उंची दिसेल, तुळई दिसेल. कडीपासून दोर खाली सोडला. मग दोराचं खालचं टोक धरून ते पुढे नेलं, दार उघडताना काढतात तसं, आणि वर्तुळाचा तुकडा वर चढत चढत सरळ जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घुसला. मागे नेला तर लहान खोलीच्या भिंतीवर.

ती बघतच राहिली. प्रत्येक दाराचा घेर तिने काढला होता. कपाटांच्या दारांचासुद्धा. कोठीचं झाकण उघडायला जागा हवी, तेही. आणि ज्यासाठी हा चौक कागदावर आधी आला, मग भोवती घर आलं, तो झोका तिच्या डोक्यात लोंबकळत उभा होता, नुसता. कोणी न बसलेला. पुण्यातल्या एखाद्या पोरीने इथे झोपाळा काढला असता, कड्यांचा, पितळी, हलकेच मागेपुढे होणारा, आणि तो बसला असता. पण हिने झोका मनात धरला आणि माप झोपाळ्याचं घेतलं. निंबाखाली कुठे भिंत होती? निंबाखाली पाय थेट शेजारच्या रुपचंदनानांच्या गोठ्याच्या पत्र्याला लागायला जायचे आणि लागायचे नाहीत, आणि त्या न लागण्यात जे पोटात व्हायचं…

"दीपमाला." दारात सासूबाई होत्या, पुष्पाबाई, हातात दोन कप. "झोपली ना ती? मग तूही पड की जरा. घर काय पळून चाललंय?"

"पाचपर्यंत पाठवायचंय, आई."

"माहेरच्या घराला बरी दुपारभर जागतेस. आमच्या पोटमाळ्याला तू मोजपट्टी कधी लावतेस, बघू." पण कप ठेवताना त्यांनी रूपाच्या अंगावरची चादर सरळ केली, पंखा एकने कमी केला, आणि पडद्याकडे वाकून पाहिलं. "हे मधलं काय, खड्डा?"

"चौक."

"पाऊस येईल की घरात."

"येऊ दे."

"बरं बाई, येऊ दे," त्या म्हणाल्या. जाता जाता थांबल्या. "आखाजीला तुझी नणंद येतेय, म्हणाली. तुमच्या खोलीतल्या गादीला नवी चादर घालशील ना? तू तर जाशीलच तिकडे."

घालेन. दर वर्षी घालते. दीपमालाने चहा घेतला, तो गोड होता, तिच्यासाठी म्हणून मुद्दाम गोड. नणंद तीन दिवस त्या खोलीत राहते, भिंतीला हात लावून फोनवर म्हणते, इथे माझी कॉट होती गं, वहिनी. आणि वहिनी तेव्हा तिथे नसतेच, ती धरणगावच्या एस.टी.त असते. तिकडे अमृतची बायको कोकिळा बॅग भरून तिच्या माहेरी निघालेली असते. म्हणजे ज्या दिवशी झोका बांधायचा, त्या दिवशी त्या घरची सून त्या घरात नसते. झोका बांधला जातो तो नेहमी सासरी गेलेल्यांसाठी. मग अमृत म्हणतो ते बरोबरच नाही का? वर्षाचे बाकीचे सगळे दिवस ज्या घरात जगायचं, त्याच्या डोक्यावर तीन दिवसांच्या बाईची कडी कशाला?

बरोबर असेल. पण मग बरोबर म्हणून माझं काय काय काढून टाकायचं?

जागा एकच होती. लहान खोलीची भिंत काढली तर चौक लांबट होतो, झोक्याला हवं तेवढं अंतर मिळतं. खोली ठेवली तर झोका नाही. ती खोली – पूर्वेकडची, एक खिडकी, एक पलंग मावेल एवढी – तिने कोणालाही न सांगता जरा जास्तच नीट काढली होती. उशापाशी स्विच. रूपासाठी खिडकीचा कट्टा खाली. तिच्यावर नाव लिहायच्या जागी तिने आधी काहीच लिहिलं नव्हतं, मग 'पाहुणे' लिहिलं, मग तिरकी रेघ देऊन 'स्टोअर'. झोका किंवा खोली. यायचं की राहायचं…

उशीखालचा फोन पुन्हा. आईचा व्हिडिओ कॉल. आधी अंगठा दिसला, मग आभाळ, मग हनुवटी.

"देख, निंब पाडा आज," द्रौपदाबाई म्हणाल्या आणि फोन फिरवला. बुंधा जमिनीलगत कापलेला, ओला पिवळट, भोवती पाला. क्रेनचा हात फिरायला जागा हवी म्हणून पहिल्या नकाशात त्या झाडावर लाल फुली दीपमालानेच मारली होती, सगळ्यात आधी, अगदी सहज. जुन्या दोन खोल्या होळीआधीच पाडलेल्या. सगळे रुपचंदनानांच्या मागच्या खोलीत राहतात. मोकळ्या जागेवर ऊन सगळीकडे सारखं पडलं होतं. "बठ्ठा उजेडच उजेड व्हई गया. आखाजीले येशी ना? औंदा झोका व्हवाव नही, पन तू ये."

"येसू ना, माय."

"आन ती ल्हान खोली कोनी शे? अमृत म्हने, कोठ्यासनी."

दीपमालाने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मंग तू कोठे झोपशी?"

"मी?" ती हसली, फोनसाठी हसतात तसं. "मी काय व… आंगनमा."

"बठ्ठा आंगनमाच झोपतस उन्हायामा. कोन घरमा झोपस?" आई म्हणाल्या, इतक्या सहज, की त्यात समजूत घालणं नव्हतंच; आणि फोन बंद करायचं विसरून तो तसाच कमरेला खोचला. काळोख, लुगड्याची सळसळ, कोणाला तरी हाक. दीपमालाने थोडा वेळ तो काळोख ऐकला आणि फोन बंद करून टेबलावर ठेवला.

मग तिने भिंतीवर क्लिक केलं. दुहेरी रेघ निळी झाली. बोट दाबलं, आणि भिंत गेली.

चौक एकदम लांब झाला. वेडावाकडा नाही, चांगला झाला. कसं दिसलं नव्हतं इतके दिवस? तिने तुळई नव्या मधोमध सरकवली; झोका पुढे गेला, मागे आला, कुठेच लागला नाही. रात्री तिथेच बाजा टाकता येतील, ओळीने, आई, ती, रूपा. पण खोली नसली म्हणजे स्विच नाही, कट्टा नाही, उशाची भिंत नाही. वैशाखात ठीक, पण पौषात? आजारी पडून आले तर? नुसतीच आले तर, कसलंच कारण नसताना, बॅग घेऊन? … आणि कोठ्यांचं अमृतला काय सांगू? त्याच्या घरातली भिंत मी काढली, माझी खोली मीच काढली, आणि तरी त्याला वाटणार अक्काने हट्ट केला. वाटू दे. नको, वाटायला नको. तिने भिंत परत आणली. परत काढली. घर श्वास घेतल्यासारखं लहानमोठं होत राहिलं.

"आई."

रूपा उठून बसली होती, गालावर उशीची घडी उमटलेली. तिने पडदा पाहिला. "आजीचं घर?"

"हो."

"यात झोका आहे?"

"आहे… बहुतेक."

बहुतेक म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. डबी घेऊन खाली उतरली, पट्टीचं टोक ओढून आईच्या हातात दिलं. "हे धर. सोडायचं नाही हं. मी मोजते."

"काय मोजतेस?"

"सगळं."

आणि ती मागे मागे जाऊ लागली, पाठ दाराकडे, तोंड आईकडे, डबी पोटाशी दोन्ही हातांनी धरलेली. पट्टी करकरत बाहेर येत होती. पलंग मागे पडला, उंबरा आला, तो तिने न बघता ओलांडला. टेबलावर फोन थरथरू लागला, अमृतचं नाव. पडद्यावर भिंत होती की नव्हती, हे या क्षणी दीपमालाला आठवेना. तिच्या चिमटीत ते पत्र्याचं टोक होतं, गार, आणि पलीकडून एक बारीकशी ओढ येत होती – थेट मनगटापर्यंत. ही ओढ तिच्या ओळखीची होती. फक्त आजवर ती स्वतः दुसऱ्या टोकाला होती.

पट्टी मधे किंचित वाकली, लवली, पुन्हा ताठ झाली. बाहेरच्या खोलीच्या उन्हात रूपा अर्धी दिसत होती.

"अजून जाऊ?" तिने ओरडून विचारलं. "आई, कुठपर्यंत जाऊ गं?"