भरपाईचे तास

अन्वरीची हजेरी सतरा तासांनी कमी पडली होती. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसायचं तर इतिहासाच्या एकशेवीस तासांपैकी नव्वद भरायला हवे होते. हैद्राबादला विद्यापीठाच्या फलकावर तिच्या नावापुढं आकडा लागला तो त्र्याहत्तर.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाच्या राज्यात भारताच्या फौजा आल्या, वसतिगृह रिकामं झालं आणि ती उमरग्याजवळच्या आपल्या गावी आली. तिचे वडील मकबूल मास्तर तिथं शाळेत शिकवत. त्याच आठवड्यात दंगलीत त्यांचं घर जळालं. शेजारच्या कोंडीरामनं तीन दिवस आपल्या घरात लपवून ठेवलं म्हणून माणसं तरी वाचली. मग अन्वरीच्या आईसह सगळे मुरुमला, मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडं, जैनबबीकडं येऊन राहिले. अन्वरी हैद्राबादला परतली तेव्हा डिसेंबर उजाडला होता आणि वर्ग कधीचे सुरू झाले होते.

मार्चच्या सुरवातीला वर्ग संपून ती मुरुमला आली, तेव्हा मास्तर तिला घेऊन पंचाक्षरी सरांकडं गेले. सर तिच्याच विभागात शिकवत. मूळचे मुरुमचे. जानेवारीत जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडला होता आणि रजा घेऊन ते घरी पडून होते. तिच्या गैरहजेरीच्या बहुतेक फुल्या त्यांच्याच हातच्या होत्या.

"सर, तुमाला समदं ठावं हाय," मास्तर म्हणाले. "सतरा फुल्या. तुमच्या एका सहीचं काम हाय."

सरांनी प्लास्टरमधला पाय हातानं उचलून सरळ केला.

"मास्तर, मी फुली मारली त्या दिवशी ती वर्गात नव्हती. आज मी 'होती' असं लिहिलं, तर उद्या माझ्या कुठल्या लिहिण्यावर कोण विश्वास ठेवील?"

"पन ती मजेसाठी घरी बसली न्हवती."

"ते मला कळतं. पण घडलं ते नोंदवायचं, हेच मी इतकी वर्षं शिकवत आलो."

मास्तरांचा चेहरा उतरला. अन्वरी इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, सर बरोबर बोलत्यात. चला."

"थांब," सर म्हणाले. "खोटं लिहिणार नाही म्हणालो. काही करणार नाही असं कुठं म्हणालो? शरणम्मा, ते नियमांचं पुस्तक दे गं."

त्यांच्या बायकोनं फळीवरून एक पातळ पुस्तक काढून दिलं. सरांनी बोट फिरवत एक कलम शोधलं आणि वाचून दाखवलं. योग्य कारणानं तास बुडाले असतील, तर विभागाच्या अध्यापकानं घेतलेले भरपाईचे तास हजेरीत धरावेत. दिवसाला दोनपेक्षा जास्त नकोत. एकतीस मार्चपर्यंत दाखला पोचावा.

"तास कुठं घ्यायचा ते लिहिलेलं नाही," सर म्हणाले. "अध्यापक रजेवर असला तर काय, तेही लिहिलेलं नाही. मी विभागाला पत्र टाकतो. उत्तर येईपर्यंत आपण सुरू करू. उद्या सकाळी आठला ये."

तरुण पोरीला रोज एकटीला धाडणं जैनबबीला पटेना, म्हणून ती सोबत निघाली. पहिल्या दिवशी ती ओसरीत पाठ फिरवून बसली. तिसऱ्या दिवशी शरणम्मानं तिच्यापुढं निवडायला तुरीच्या डाळीचं सूप सरकवलं. आठवड्याभरात दोघी डाळ निवडता निवडता बहमनी सुलतानांच्या भांडणावर बोलायला लागल्या. शरणम्माचं बोलणं निम्मं कानडी, जैनबबीचं निम्मं दखनी. पण कोणी कोणाचा काटा काढला हे दोघींना नीट कळलं होतं.

रोज एक तास होत होता. चौदा झाले. वीस मार्चला टपालानं विभागाचं उत्तर आलं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि अन्वरीच्या हातात दिलं.

परवानगी मिळाली होती. मात्र परवानगीचं पत्र हाती पडल्यानंतर घेतलेले तासच धरले जाणार होते.

"म्हणजे चौदा तास गेले?" अन्वरीनं विचारलं.

"हजेरीतून गेले."

जैनबबी उठून आत आली. "असं कसं गेलं? म्या सोता बसले होते हितं! माझी साक्ष घ्या म्हनावं."

कोणाला हसूही आलं नाही. सरांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं पाहिलं. एकवीस ते एकोणतीस, नऊ दिवस. दिवसाला दोन धरले तर आठ दिवसांत सोळा आणि नवव्या दिवशी एक. तीसला कागद घेऊन उमरग्याहून हैद्राबादची मोटार गाठायची, एकतीसला कचेरीत द्यायचा. एकही दिवस वाया घालवायला जागा नव्हती.

"सर, तेच तास पुन्हा ऐकायचे?" अन्वरीचा आवाज थकलेला होता.

"नाही. ऐकून झालं तुझं. एम.ए.ला विद्यार्थ्यानं विषय मांडला, तर तोही तासच धरतात. आता तू शिकव, मी ऐकतो."

"कुनाला शिकवू?"

सरांनी ओसरीकडं हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्वरी उभी राहिली. समोर फुफी जैनबबी, शरणम्मा आणि खाटेवर पडलेले सर. तिनं वहीतलं वाचायला सुरवात केली. परीक्षेची जड उर्दू, एकामागून एक सनावळ्या. थोड्या वेळानं जैनबबीला डुलकी लागली. शरणम्मा चूल बघायला उठून गेली ती परत आलीच नाही. अन्वरीनं वही मिटली. तिचे डोळे भरून आले.

"मला न्हाय जमत, सर."

"वाचायला जमलं. सांगायला अजून जमलं नाही," सर म्हणाले. "तास झाला, मी नोंदवला. दुसरा तास पाऊण घटकेनं. तोवर आत जाऊन तिला विचार, का उठलीस म्हणून."

अन्वरी चुलीपाशी गेली. शरणम्मा भाकरी थापत होती.

"शरणम्माक्का, कंटाळा आला व्हय?"

"कंटाळा न्हाय गं पोरी. तू कागदाशी बोललीस. माझ्याशी कुठं बोललीस?"

दुसऱ्या तासाला अन्वरीनं वही उघडलीच नाही. विषय आदिलशाहीचा होता. ती नळदुर्गच्या किल्ल्यापासून सुरू झाली. नदीला बांध घालून पाणी किल्ल्यात कसं अडवलं, वेढा पडला तर त्या पाण्याचा उपयोग काय, विजापूरच्या सुलतानाला या टोकाला एवढा किल्ला का हवा होता, ते तिनं घरात बोलतात तसं सांगितलं.

"म्या बघितलाय त्यो बांध," शरणम्मा मधेच म्हणाली. "लहानपनी. वरनं पानी पडतंय धो धो. पर एवढाले दगड वाह्यले कुनी? त्यांची नावं हायती का तुझ्या पुस्तकात?"

अन्वरीनं सरांकडं पाहिलं.

"माझ्याकडं नको बघू. मलाही माहीत नाही," सर म्हणाले. "पण प्रश्न लिहून ठेव. उत्तर नसलेला प्रश्न सापडणं म्हणजे अर्धं एम.ए."

त्यानंतर तास कधी संपतो ते कळेनासं झालं. शेजारच्या दोन बायका येऊन बसू लागल्या. सहाव्या दिवशी सरांना ताप भरला. अंगावर घोंगडं घेऊन ते भिंतीला टेकून बसले.

"आज राहू द्या, सर," अन्वरी म्हणाली.

"मग एक तास कमी पडेल. आणि तो कमी पडला तर मी सोळाच लिहीन, हे तुला माहीत आहे. बोल."

ती बोलली. अधूनमधून थांबून त्यांना पाणी देत दोन्ही तास पुरे केले.

एकोणतीसला सतरावा तास झाला. सरांनी दाखला लिहिला: तारीख, वेळ, विषय, सही. तो देताना ते एवढंच म्हणाले, "आता नव्वद. एक कमी नाही, एक जास्त नाही."

मास्तर आणि अन्वरी पहाटेच्या बैलगाडीनं उमरग्याला गेले आणि तिथून मोटारीनं हैद्राबादला. एकतीसला दुपारी कारकुनानं दाखला घेतला, तारखा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि शिक्का मारला. मास्तर बाहेर येऊन पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. सप्टेंबरात घर जळालं तेव्हा ते रडले नव्हते.

परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत तिला आदिलशाही इमारतींवर विचारलं. तिनं माहीत होतं ते सांगितलं आणि मग म्हणाली, बांधकाम कोणी करवलं ते लिहून ठेवलेलं आहे, दगड कोणी वाहिले ते मला अजून कुठं सापडलेलं नाही. परीक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं. अर्धा तास ठरलेला असताना त्यांनी तिला तासभर बसवून घेतलं.

जूनमध्ये निकाल लागला. अठ्ठावन्न टक्के, दुसरा वर्ग. पहिल्या वर्गाला साठ लागत. काठावरच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण मिळत, पण ज्यांची हजेरी भरपाईनं पुरी झाली त्यांना नाहीत.

मास्तर हळहळले. "दोन टक्क्यांसाठी! सरांना सांगून एखादा अर्ज..."

"नको, अब्बा," अन्वरी म्हणाली. "जेवढे हायत तेवढे माझे हायत. कुनी दिलेले न्हायत."

सरांचं कार्ड आलं. काठी टेकत ते पुन्हा हैद्राबादला रुजू झाले होते. धाराशिवला मुलींची शाळा वाढवत आहेत, शिकवणारी बाई मिळत नाही, लगेच अर्ज कर, एवढाच मजकूर होता. मुलाखतीला तिला फळ्यासमोर उभं करून एक धडा घ्यायला लावला. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि मुलींशी बोलायला लागली. दुसऱ्याच दिवशी नेमणुकीचा कागद हातात पडला.

जुलैत तिनं धाराशिवला शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. आई-अब्बांना मुरुमहून आणायला ती स्वतः गेली. निघताना जैनबबी कुरकुरली, "आता सकाळी आठला म्या काय करू?" तरी तिनं गाडीत ज्वारीचं पोतं आणि दोन गोधड्या टाकल्या.

धाराशिवला पोचल्यावर आईनं आधी दोन्ही खोल्या झाडून घेतल्या. मग कडी आतून लावून बघितली, काढली, पुन्हा लावली. जवळजवळ दहा महिने दुसऱ्याच्या दारात काढल्यानंतर हे दार त्यांचं होतं. मास्तर खिडकीशी बसून रस्त्यावरनं शाळेकडं जाणाऱ्या मुली बघत राहिले, आणि अन्वरी साडीचा पदर खोचून पाणी भरायला निघाली.